स्वादुपिंडाची दुर्मिळ गाठ : शस्त्रक्रियेनंतर पुढे काय?

स्वादुपिंडात गाठ आहे म्हटले की घरातले सारे धीर सोडतात. तेथे नेहमी आढळणारा कर्करोग घातक असतो, हे खरे. परंतु स्वादुपिंडाच्या सगळ्याच गाठी एका जातीच्या नसतात. म्हणून गाठ कोणत्या प्रकारची, हे आधी डॉक्टरांना विचारावे.

‘इन्सुलिनोमा’ या गाठीमुळे रक्तातील साखर उतरते. उपाशीपोटी घाम येतो, हात थरथरतात, रुग्ण असंबद्ध बोलतो. यांतील दहापैकी सुमारे नऊ गाठी साध्या असतात व त्या काढल्यावर रुग्ण बहुधा कायमचा बरा होतो. दुसरी गाठ मुख्यतः तरुण स्त्रियांत आढळते. डॉ. फ्रँट्झ यांनी १९५९ मध्ये तिचे वर्णन केले. ती आकाराने मोठी असली तरी, पूर्ण काढल्यास पाच वर्षांनंतरही शंभरातील पंचाण्णवहून अधिक रुग्ण हयात असतात.

तिसरा प्रकार ‘न्यूरोएंडोक्राइन’ गाठींचा. इन्सुलिनोमा याच कुळातला. पण या कुळातील इतर गाठी उलटण्याचा संभव अधिक. अमेरिकेतील उद्योजक स्टीव्ह जॉब्ज यांच्या गाठीचे निदान २००३ मध्ये झाले, शस्त्रक्रिया २००४ मध्ये. २००९ मध्ये त्यांना यकृत बदलावे लागले आणि २०११ मध्ये ते वारले. रोग उलटतो तेव्हा बहुधा यकृतातच दिसतो.

गाठ उलटेल का, याचा अंदाज पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवरून बांधता येतो. गाठीचा आकार, लसिका ग्रंथींतील फैलाव, कापलेल्या कडेला रोग उरला का, आणि ‘केआय-६७’ हा आकडा पाहतात. हा आकडा ३ टक्क्यांहून कमी असल्यास पेशींची वाढ मंद, २० च्या वर असल्यास वेगवान. हा रिपोर्ट जन्मभर जपून ठेवावा.

‘आता काही त्रास नाही’ म्हणून तपासणी सोडणे, हीच मोठी चूक. या गाठी सावकाश वाढतात. कित्येक वर्षांनीही उलटू शकतात. सुरुवातीला साधारण दर सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा, निदान दहा वर्षे तपासणी करावी. वेळीच कळल्यास पुन्हा शस्त्रक्रिया, इंजेक्शने असे उपाय असतात.

स्वादुपिंडाचा भाग गेल्याने मधुमेह होऊ शकतो. साखर तपासत राहावी. तेलकट शौच होत असल्यास पाचकरसाच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात. प्लीहा काढली असेल तर न्यूमोनियाची लस घ्यावी व ताप आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. कावीळ झाल्यास किंवा वजन घटू लागल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये.