उन्हाळी परसबाग : आधी पाण्याचा हिशेब

परसबागेचा आराखडा बहुधा जागा पाहून केला जातो. उन्हाळी बागेचा आराखडा मात्र चैत्र-वैशाखात घरी किती पाणी उरेल, यावरून करावयास हवा. माघात हौसेने पेरलेले दहा वाफे पुढे करपून जाण्यापेक्षा जगविता येतील असे तीनच वाफे बरे.

जमीन वीतभर खोल खणून आठवडाभर उन्हात तापू द्यावी. नंतर पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. अर्धवट कुजलेल्या शेणामुळे वाळवी व हुमणीचा उपद्रव वाढतो. पावसाळ्यातील गादीवाफे या दिवसांत लवकर सुकतात, म्हणून सपाट वाफे करून त्यांना बांध घालावेत. फेब्रुवारीअखेरपर्यंत भेंडी, गवार, चवळी व काकडी पेरावी. भेंडीचे बी रात्रभर भिजविल्यास लवकर उगवते. माठ एकदम न पेरता दर पंधरवड्यास थोडा थोडा पेरावा. सुमारे महिनाभरात तो काढणीस येतो. रोपे वर आल्यावर वाळलेल्या पाल्याचे आच्छादन घालावे.

मोरीचे साबणमिश्रित पाणी पालेभाजीस देऊ नये. ते वाळूच्या खड्ड्यातून केळी व अळूकडे वळवावे.

शाळेच्या बागेची खरी परीक्षा मे महिन्याच्या सुट्टीत होते. त्या काळात पाणी कोणी घालावयाचे, हे शिक्षक व पंचायत सदस्यांनी पेरणीपूर्वीच ठरवून घ्यावे.