सगळं सगळ्याला चिकटतं

मिनिआपोलिस,
२ डिसेंबर

चि. चिमणे,


तुझा निरोप काल रात्री वाचला आणि एकटीच हसत बसले. लॅबच्या हॉलिडे पार्टीच्या यादीत तुझ्या नावापुढे कुणीतरी ‘पप्पी चाऊ’ लिहून टाकलंय, आणि तू विचारतेस की ही माणसं खरंच कुत्र्याचं खाणं खातात का. नाव तेच आहे, पदार्थ वेगळा. गंमत अशी, की दोन्हींचं मूळ एकाच घरात आहे. सेंट लुइसच्या रॅल्स्टन प्युरिना कंपनीचं चिन्ह होतं लाल-पांढऱ्या चौकटी. त्या चौकटींवरूनच तिच्या जाळीदार सीरियलला ‘चेक्स’ म्हणायला लागले, आणि कुत्र्यांच्या पिल्लांसाठी ‘पप्पी चाऊ’ काढणारी कंपनीही तीच. पुढे कुणीतरी चेक्सवर चॉकलेट आणि पिठीसाखर चढवली, ते दिसायला पिल्लांच्या खाण्यासारखं दिसलं आणि नाव चिकटलं. कारखानदार त्याला सभ्यपणे ‘मडी बडीज’ म्हणतात. आयोवात मात्र पप्पी चाऊच. तू एम्समध्ये आहेस तोवर हे नाव तोंडातल्या तोंडात का होईना, म्हणायला शीक.

तू हे करायचं कबूल केलंस ते बरं केलंस. ओव्हन लागत नाही. तुमच्या ओव्हनमध्ये कढया आणि तवे रचून ठेवलेले मी ऑगस्टमध्ये पाहिले आहेत, त्यामुळे ही जमेची बाजू. पण सोपं आहे म्हणून ते पार्टीच्या सकाळी अर्ध्या तासात उरकू नकोस. मी इथे आल्यावर पहिल्या दोन वर्षांत तीनदा ते बिघडवलं आहे आणि तिन्ही वेळा कारण वेगळं होतं.

आधी हा प्रकार काय आहे ते मनात नीट बसव. आपल्याला ओळखीचं वाटावं असं यात बरंच आहे. १९५२ साली कंपनीने चेक्सच्या पार्टी मिक्सची कृती छापली: चेक्स, दाणे, वितळलेलं लोणी आणि वूस्टरशर सॉस. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा मला वाटलं, अरे, हा तर यांचा चिवडा! (वूस्टरशर सॉसमध्ये अँचोव्ही नावाचे मासे असतात हे मला पुढच्या वर्षी कळलं. तुझ्या आजीला अजून सांगितलेलं नाही.) गोड मिश्रण हे त्याचंच धाकटं भावंड. तरीही चिवड्यात आणि यात एक मोठा फरक आहे, आणि बाकीचं सगळं पत्र मी त्या फरकासाठीच लिहिते आहे. चिवड्यात प्रत्येक जिन्नस सुटा असतो. ज्याला दाणे नकोत तो दाणे बाजूला सारतो. तुझा बाबा लहानपणी खोबऱ्याचे काप ताटाच्या कडेला रचून ठेवायचा. इथे सगळं सगळ्याला चिकटतं, वरून पांढरं आवरण चढतं, आणि आत काय आहे ते खाणाऱ्याला दिसतच नाही. निवडायची सोय नाही. म्हणून निवड तू आधी करायची असते.

त्यासाठी तुला मी पप्पी चाऊऐवजी दुसरं सुचवते. पप्पी चाऊची नेहमीची कृती म्हणजे नऊ कप चेक्स, कपभर चॉकलेट चिप्स, अर्धा कप पीनट बटर, पाव कप लोणी, चमचाभर व्हॅनिला, वर दीड कप पिठीसाखर. चवीला उत्तम. पण पीनट बटर प्रत्येक कणाला लागलेलं असतं. एका वर्षी माझ्या ऑफिसात मी मोठ्या हौसेने भलंमोठं भांडं भरून नेलं. एक सहकारी रिकामी प्लेट घेऊन समोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, “यात शेंगदाणे आहेत का?” मी हो म्हटलं. ती हसून मागे सरकली, आणि मग लक्षात आलं की तीन हात लांब उभी राहून ती सगळा वेळ त्या टेबलाकडे नुसती बघत होती. आपल्या घरात उपासाच्या दिवशीसुद्धा दाण्याचा कूट मुठीने पडतो. दाण्याने कुणाचा घसा सुजून श्वास कोंडतो ही गोष्ट आपल्या कल्पनेत शिरायला वेळ लागतो.

तेव्हा पांढरं मिश्रण कर. राइस चेक्स तीन कप, कॉर्न चेक्स तीन कप, छोटे खारे प्रेट्झेल दोन कप, भाजलेल्या भोपळ्याच्या बिया दीड कप आणि चॉकलेटच्या लाल-हिरव्या गोळ्या एक कप. त्यावर पांढऱ्या आवरणाचं २४ औंसांचं, म्हणजे जवळजवळ ६८० ग्रॅमचं एक पाकीट. वीस-बावीस माणसांना पुरतं. पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाच. इथल्या कायद्याप्रमाणे नऊ गोष्टी वेष्टनावर सांगाव्याच लागतात: दूध, अंडी, मासे, कवचाचे मासे, झाडावरचे सुके मेवे, शेंगदाणे, गहू, सोया, आणि २०२३ पासून तीळसुद्धा. दुधाच्या चॉकलेटच्या साध्या गोळ्यांच्या पाकिटावरही ‘शेंगदाणे असू शकतात’ असं बऱ्याचदा लिहिलेलं असतं, म्हणून तसं न लिहिलेल्या गोळ्या शोधाव्या लागतील. राइस आणि कॉर्न चेक्समध्ये गहू नसतो, व्हीट चेक्समध्ये असतो, साध्या प्रेट्झेलमध्येही असतो. तुमच्यात कुणी गहू न खाणारं असेल तर गव्हाविना केलेले प्रेट्झेल मिळतात. जरा महाग पडतात. कुणी छोटे मार्शमेलो घालायला सांगेल. घालू नकोस. त्यात जिलेटिन असतं, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेलं, आणि तुमच्या लॅबमध्ये तू एकटीच शाकाहारी असशील असं थोडंच आहे?

आता आवरण. दुकानात तीन पांढऱ्या वस्तू शेजारीशेजारी दिसतील आणि तिन्ही सारख्याच वाटतील. खरं व्हाइट चॉकलेट म्हणायचं तर इथल्या नियमाप्रमाणे त्यात किमान २० टक्के कोको बटर लागतं. हा नियम २००४ पासून पाळावा लागतो. दुसऱ्या वस्तूवर नुसतं ‘व्हाइट चिप्स’ असं लिहिलेलं असतं. त्यांत बहुधा वनस्पतीचं तूप असतं, आणि कुकीत आकार टिकावा अशाच त्या केलेल्या असल्यामुळे वितळताना हट्ट करतात. तिसरी ‘आल्मंड बार्क’. नावात बदाम आहे, आत बदाम नसतो. कोको बटरऐवजी पामसारखं दुसरं तेल असतं, म्हणून ती पटकन वितळते आणि पटकन घट्ट होते. चवीचं विचारशील तर पहिली वस्तू सरस. पण पहिल्यांदा करताना बार्क घे. त्यात मोठेपणा नाही, पण दगाही नाही.

वितळवणं म्हणजेच सगळं काम. मायक्रोवेव्हमध्ये काचेच्या भांड्यात तुकडे घाल, अर्ध्या मिनिटाने काढ, ढवळ, पुन्हा अर्धं मिनिट. थोडे खडे उरले की थांब. ढवळता ढवळता उरलेले आपोआप विरघळतात. एकदम तीन मिनिटं लावलीस तर मध्यभागी जळेल आणि वर काही दिसणार नाही.

आणि पाणी. पाण्याचं मी दोनदा सांगणार आहे. पहिल्या वर्षी मी चॉकलेट पातेल्यावर, वाफेवर वितळवलं आणि आपल्या सवयीने वर झाकण ठेवलं. झाकणाला साचलेले चार थेंब आत पडले आणि डोळ्यांदेखत ते गुळगुळीत चॉकलेट रव्यासारखं रवाळ, मग लगद्यासारखं घट्ट झालं. का, तर चॉकलेटमध्ये साखरेचे बारीक कण तुपात सुटे पोहत असतात. टिपूसभर पाणी आलं की कण ओले होऊन एकमेकांना धरतात. आपला हात अशा वेळी लगेच दुधाच्या पिशवीकडे जातो: घट्ट झालंय, जरा दूध घालून सैल करू. ते करू नकोस, आणखी बिघडेल. घट्ट वाटलं तर चमचाभर तेल घाल. वास नसलेलं खोबरेल तेल चांगलं, खाण्याचं, डोक्याला लावायचं नव्हे.

तू विचारलंयस की केशर-वेलची घालून ‘आपला टच’ देऊ का. वेलची घाल, उत्तम लागते. वास तुपात छान उतरतो. पण केशर आपण दुधात खलतो, आणि दूध म्हणजे पाणीच! कोरडं केशर चमचाभर साखरेबरोबर खलात कुटून टाक. हे मात्र पहिल्या घाण्यात नको. आधी त्यांचं त्यांना हवं तसं कर, मग छोट्या वाटीत आपलं. पहिल्याच भेटीत पाहुण्याच्या घरातलं सामान हलवू नये, तसंच हे.

भांडी आणि चमचे कोरडे खडखडीत असू देत, आणि फोडणीचा लाकडी चमचा चुकूनही घेऊ नकोस. लाकूड हिंग विसरत नाही आणि आवरणातलं तूप कुठलाही वास झटकन उचलतं. रबरी उलथनं घे.

मिसळायला सर्वांत मोठं भांडं काढ, नाहीतर परात. चेक्स, प्रेट्झेल आणि बिया आधी एकत्र कर. चेक्सचं खोकं उघडून महिना झाला असेल तर दोन दाणे चावून बघ. सादळलेलं असेल तर आवरण चढवून काही उपयोग नाही, ते सादळलेपण आतच कोंडून राहतं. वितळलेलं तीनचार खेपांत ओत आणि तळापासून वर उलटवत जा. आजी काटेरी हलवा करायची ते तुला आठवत नसेल. मंद आचेवरच्या परातीत तिळावर पाकाचे चमचे एकेक सोडत तासन्‌तास नुसत्या बोटांच्या टोकांनी फिरवायची. इथे तुला चारच मिनिटं आहेत, पण हात तसाच हलका हवा. जोर केलास तर चेक्सचा भुगा होतो आणि तो भुगा निम्मं आवरण पिऊन टाकतो.

रंगीत गोळ्या शेवटी. गरमागरम मिश्रणात टाकल्या की त्यांचा रंग सुटतो आणि पांढऱ्यावर लाल-हिरवे ओघळ उठतात. भांड्याचा तळ हाताला कोमट लागेपर्यंत थांब, मग टाक. वर चिमूटभर जाडं मीठही भुरभुरव. नुसत्या गोडाने तिसऱ्या घासाला तोंड मिटतं.

मग पार्चमेंट पेपरवर पातळ पसर आणि स्वयंपाकघरात, ओट्यावर, तासभर विसरून जा. फ्रिजमध्ये ठेवू नकोस. इथे मिनेसोटात डिसेंबरात सगळ्यांचं गॅरेज हाच दुसरा फ्रिज असतो. एका वर्षी घाईत असताना मीही ट्रे उणे पंधरा अंशांत ठेवून आले. दहा मिनिटांत दगडासारखं घट्ट! खुशीत घरात आणलं आणि उबेत येताच सगळ्या ट्रेला घाम फुटला. पाण्याचं दुसऱ्यांदा सांगते म्हणाले होते ते हेच. वरचं आवरण चिकट झालं आणि चेक्स मऊ. खरं तर हीटरमुळे इथल्या घरातली हिवाळ्यातली हवा इतकी कोरडी असते की पुण्याच्या जुलैत चिवडा सांभाळणाऱ्या बाईला हेवा वाटावा. त्या हवेचा फायदा घे. नीट घट्ट झालं की हातानेच तुकडे मोड, सुरी नको, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात भर. आठवडाभर सहज टिकतं, म्हणजे पार्टीच्या दोन दिवस आधी करायला हरकत नाही, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री करायचीही गरज नाही. हे दुसरं वाक्य तुझ्या बाबाच्या वतीने.

एक कार्ड मात्र लिही. पोस्टकार्डाएवढं, ठळक अक्षरात: आत काय काय आहे ते सगळं. ‘दूध, सोया, गहू. शेंगदाणे घातलेले नाहीत. घरच्या स्वयंपाकघरात केलेलं आहे, तिथे शेंगदाणे असतात.’ हे शेवटचं वाक्य गाळू नकोस, तुमच्या घरात दाण्याच्या चटणीची बरणी कायम उघडीच असते. इंग्रजीत लिही, आणि भांड्याच्या मागे लपवू नकोस, पुढे उभं कर. घरी केलेल्या खाण्याला तो वेष्टनाचा कायदा लागू होत नाही, तुझ्याकडे कुणी मागणारही नाही. ज्याला विचारायचा संकोच वाटतो त्याच्यासाठी ते कार्ड असतं.

पार्टीला गेलीस की भांडं टेबलावर ठेव, शेजारी मोठा चमचा ठेव, नाहीतर सगळे हात घालतात, आणि मग तिथून दूर हो. कोण किती घेतंय ते बघत उभी राहू नकोस. आपल्या बायकांची ही खोड मलाही अजून गेलेली नाही.

केशराची छोटी वाटी केलीस तर थोडं डबीत बाजूला काढ, नाताळात येशील तेव्हा घेऊन ये. आणि आजीने दिलेला तो पितळी डबा पार्टीला नेऊ नकोस. अ‍ॅल्युमिनियमच्या वापरून टाकायच्या ट्रेत ने. अशा पार्ट्यांना गेलेले डबे परत येत नाहीत. माझे चार गेले आहेत.

तुझी,
आत्या