पाचट जाळू नका


ऊस तुटला की फडाला काडी लावायची, ही आपली जुनी खोड. एकरी तीन-चार टन पाचट जळते. नत्र धुरात जातो आणि तोच आपण पुन्हा युरियाच्या पोत्यातून विकत आणतो. शिवाय धुरातली काजळी व मिथेन हवा तापवतात.

2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. अशा उघडिपीत पाचटाखालची ओलच खोडवा तगवते.

तेव्हा पाचट सरीत ओढा, बुडखे जमिनीलगत छाटा. पाचटावर एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सुपर फॉस्फेट आणि शेणखतात मिसळून 4 किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाका, पाणी द्या. रानातलं सोनं रानातच राहू द्या.