रॅपलिंगला दुचाकीचं हेल्मेट चालेल का?

प्रश्न : आमचा ग्रुप ताम्हिणीजवळच्या प्लस व्हॅलीत रॅपलिंगला चालला आहे. दोर पक्का असताना हेल्मेट हवंच का? हवं असेल तर माझं दुचाकीचं चालेल का? ते जास्त जाड आहे. शिवाय फॉर्म्युला वनच्या मायकेल शूमाकरचं हेल्मेट घालूनही काय झालं, ते आपण पाहिलंच. (एक वाचक, पौड)

उत्तर : हेल्मेट हवंच. दुचाकीचं मात्र घरी ठेवा.

धोका फक्त पडण्याचा आहे असं धरलं, तर दोर पुरे वाटतो. पण वरून येणाऱ्या दगडाला दोर काय करणार? सह्याद्रीतला बेसॉल्ट थराथरांचा. भेगांत पाणी मुरतं, झाडांची मुळं त्या रुंदावतात आणि दगड सुटे होतात. मग वरच्याचा पाय सरकला किंवा काठावर दोर घासला, तरी ते निसटतात. अर्ध्या किलोचा दगड 20 मीटरवरून आला, तर खाली पोचेपर्यंत त्याचा वेग ताशी 70 किलोमीटर झालेला असतो. गिर्यारोहणाच्या हेल्मेटच्या युरोपीय चाचणीत 5 किलोचं वजन 2 मीटरवरून माथ्यावर टाकतात. हिशेब केलात तर दोन्ही तडाखे सारखेच भरतात. दुसरा धोका झोका जाऊन डोकं कातळावर आपटण्याचा. म्हणून कडेनेही संरक्षण लागतं.

दुचाकीचं हेल्मेट कमजोर नाही, पण ते रस्त्यासाठी घडवलेलं असतं. त्यात कान झाकले जातात, त्यामुळे वरून कुणी ‘दगड!’ असं ओरडलं तर नीट ऐकू येत नाही. हनुवटीपुढच्या पट्टीमुळे कमरेचा डिसेंडर (दोरावर उतरण्याचा वेग आवरणारं साधन) आणि पाय ठेवायची जागा दिसत नाही. रॅपलिंगमध्ये नजर सतत तिथेच लागते.

बांधकामावरचं पिवळं हेल्मेटही नको. कामगार कुठे अडकून गळफास बसू नये म्हणून त्याचा पट्टा ठरावीक ताणाला सुटावा, अशी सोय अनेकदा असते. गिर्यारोहणाच्या हेल्मेटचा पट्टा सुटता कामा नये. तो आवळा, पण हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतपतच.

शूमाकरचं म्हणाल, तर 29 डिसेंबर 2013 रोजी फ्रान्समधल्या मेरिबेलला स्कीइंग करताना त्याचं डोकं खडकावर आपटलं. हेल्मेट नसतं तर तो रुग्णालयापर्यंत पोचलाच नसता, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हेल्मेट इजा कमी करतं, ती होणारच नाही अशी हमी देत नाही.

‘दगड!’ ऐकू आलं तर वर पाहू नका, कातळाला चिकटा. खाली उतरल्यावर घामाने कंटाळून अनेकजण लगेच हेल्मेट काढतात आणि तिथेच फोटो काढत बसतात. वर अजून माणसं असतात, दोर हलत असतो. आधी कड्यापासून लांब जा, मग पट्टा सोडा.