घट्ट बसलेलं बेअरिंग: घण नको, प्रेस हवा

प्रश्न : माझ्या जुन्या कारच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग घोंघावतं. बेअरिंग ज्यात बसतं ती नकल खोलून घणाचे घाव घातले, तरी ते हललं नाही. मेकॅनिक म्हणतो, गॅसने लाल करून काढू. करू द्यावं का?
— एक वाचक, देवगाव फाटा, जि. परभणी

उत्तर : नाही, लाल करू देऊ नका. त्याने नकलचा धातू बिघडतो आणि ग्रीस पेट घेतं. बेअरिंग निघत नाही म्हणजे नकल वाया गेली, असंही नाही. ते मुळात नकलच्या भोकापेक्षा किंचित मोठं असतं आणि प्रेसने दाबूनच बसवतात.

आधी चिखल-गंज साफ करून खाचेतलं लॉक, म्हणजे सर्क्लिप, पूर्ण निघालंय ना ते बघा. बऱ्याचदा अडतं तिथेच. मग गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा. नंतर नकल घेऊन सेलू किंवा जिंतूरला हायड्रॉलिक प्रेस असलेलं वर्कशॉप गाठा. नकलला खालून सपाट आधार देऊन दाब सरळ रेषेत द्यायला सांगा. तरीही अडलं, तर हॉट एअर गनने भोकाभोवती साधारण १०० अंशांपर्यंत तापवणं पुरतं.

बेअरिंगची फक्त बाहेरची रिंग अडकली असेल, तर तिच्या आतून वेल्डिंगची एक रेघ मारतात. थंड होताना रिंग आकसते आणि सुटते.

बेअरिंगवर थेट घण घालू नका. कडक पोलादाची कपची डोळ्यात जाऊ शकते. नवं बेअरिंग बसवताना दाब बाहेरच्या रिंगवरच द्या आणि हबचा नट नवा घ्या. तोवर गाडी रस्त्यावर काढू नका.