सयाम सुटला, पुणे का अडकलं?

प्रश्न : आमच्या उत्तनजवळ चौकला धारावी किल्ला आहे. पोर्तुगिजांना इथून हुसकावणारे मराठे पुढे इंग्रजांच्या हाती गेले. मग सयाम, इथिओपियासारखे देश कसे वाचले?
– एक वाचक, भाईंदर (प.)

उत्तर : अर्धं उत्तर तुमच्या किल्ल्यासमोरच आहे. खाडीपलीकडे वसई. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली, तेव्हा मुंबईचे इंग्रज पोर्तुगिजांसाठी मैदानात उतरले नाहीत. उलट दोन महिन्यांत कॅप्टन इंचबर्डला धाडून मराठ्यांशी तह करून मोकळे झाले. टोपीकरांचं आपसात पटत नाही, याचा फायदा त्या वेळी आपल्याला मिळाला.

त्याच वसईत ६३ वर्षांनी फासे उलटे पडले. १८०२ च्या ऐन दिवाळीत, २५ ऑक्टोबरला, यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे-शिंद्यांच्या फौजेची दाणादाण उडवली. पेशवा दुसरा बाजीराव कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या जहाजातून वसईला पोचला. ३१ डिसेंबरला तह झाला. शाळेपासून आपल्या लक्षात राहते ती तैनाती फौज: किमान ६ हजार पायदळ, खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख. माझ्या मते खरा घात केला तो दुसऱ्याच कलमांनी. इंग्रजांशी वैर असलेला युरोपियन चाकरीत ठेवायचा नाही आणि इतर सत्तांशी बोलणी इंग्रजांना विचारल्याशिवाय करायची नाहीत. पुण्याला दुसरं दार ठोठावायची सोयच उरली नाही.

सयामने, म्हणजे आजच्या थायलंडने, ती सोय जपली. पश्चिमेला ब्रह्मदेशात इंग्रज, पूर्वेला व्हिएतनामात फ्रेंच, मध्ये राजा चुलालोंगकोर्न. त्याचा मुख्य सल्लागार बेल्जियमचा, आरमारावर डॅनिश अधिकारी, रेल्वेत जर्मन इंजिनियर. सगळ्या किल्ल्या कुणा एकाच्या कनवटीला नाहीत! १८९३ मध्ये फ्रेंच गनबोटी थेट बँकॉकपर्यंत घुसल्या तेव्हा त्याने मेकाँगच्या डाव्या तीराचा मुलूख सोडला, वर ३० लाख फ्रँक दंड भरला. १८९६ मध्ये इंग्रज-फ्रेंचांनी आपसात ठरवलं, की सयामच्या मधल्या मेनाम नदीच्या खोऱ्यात कुणी फौज घालायची नाही. पुढे १९०७ मध्ये कंबोडियाकडचे प्रांत आणि १९०९ मध्ये मलायातली चार संस्थानंही गेली. स्वातंत्र्य राहिलं, पण फुकट नाही.

आता कुणी म्हणेल, शिंद्यांकडे फ्रेंच सेनापती होताच की. होता. १८०३ चं युद्ध पेटताच पेराँ शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. परका माणूस ठेवणं सोपं. त्याच्यावर वचक ठेवायला मागे एकच गादी लागते. आपल्याकडे पेशवे, शिंदे आणि होळकर अशी तीन डोकी तीन दिशांना होती. त्या युद्धात शिंदे आणि नागपूरचे भोसले इंग्रजांशी लढत असताना होळकर बाजूला राहिले आणि १८०४ मध्ये एकटेच लढायला उभे ठाकले.

इथिओपियात भाऊबंदकी काही कमी नव्हती. गोज्जमचा राजा तेकले हायमानोत याला पुढे सम्राट झालेल्या मेनेलिकने १८८२ मध्ये एंबाबोच्या लढाईत हरवून कैद केलं होतं. पण १ मार्च १८९६ ला अदवाच्या डोंगरात इटलीची फौज समोर आली, तेव्हा हाच तेकले हायमानोत आपलं सैन्य घेऊन मेनेलिकच्या बाजूने लढला. इटलीचा पराभव झाला, आणि त्याच वर्षी अदिस अबाबाच्या तहात तिला इथिओपियाचं स्वातंत्र्य मान्य करावं लागलं.