आपली ओळख आपल्याला कोण सांगतो?

गेल्या वर्षी आपल्या धर्मग्रामाच्या सणाला मुलांनी सादर केलेला 'गोव्याचा नाच' आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. फुलाफुलांचे शर्ट, डोक्यावर गवती टोप्या, एकाच्या हातात रिकामी बाटली आणि झोकांड्या खात चालणे. टाळ्या भरपूर पडल्या. पहिल्या रांगेत बसून आम्हीही हसलो. कार्यक्रमानंतर सभागृहाच्या दाराशी एक वयोवृद्ध गोवेकर गृहस्थ भेटले. ते म्हणाले, "फादर, आमच्या कुडीत रोज संध्याकाळी रोजरी व्हायची. ही बाटलीवाली माणसं कुठल्या गावची?" नाचणाऱ्यांत त्यांचा स्वतःचा नातू होता.

त्या वेळी आमच्याकडे उत्तर नव्हते. नंतर बरेच दिवस तो प्रश्न मनात राहिला, म्हणून हा लेख.

'कूड' हा शब्द तरुण वाचकांना ठाऊक नसेल. कूड म्हणजे कोकणीत खोली. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. म्हणजे गोव्याहून मुंबईला आलेला माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलेला परका होता. तो बोटीवर खलाशी, बंगल्यात आचारी, नाहीतर बँडमध्ये वादक होई. बायका आया म्हणून राहत. अशा गड्यांसाठी गावोगावच्या लोकांनी धोबी तलाव, डाबूळ, माझगाव या भागांत आपापल्या गावाच्या कुडी काढल्या. भिंतीला लागून पत्र्याच्या ट्रंका, एका टोकाला गावच्या संरक्षक संताची वेदी आणि तिच्यापुढे रोजची जपमाळ. बोट मिळेपर्यंत माणूस तिथे राही, गावाचा सण तिथेच साजरा करी.

आता लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, कोकणी तियात्राचा जन्म गोव्यात झाला नाही, तो मुंबईत झाला. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड थिएटरमध्ये लुकाझिन्यु रिबेरो यांनी 'इटालियन भुर्गो' सादर केले. त्या पहिल्या प्रयोगात काम करणारे जुआंव आगुस्तीन फेर्नांदिस हे पुढे तियात्राचे जनक म्हणून मान पावले. १८९५ साली त्यांनी जे तियात्र लिहिले त्याच्या नावातच मुंबईची वस्ती आहे: 'बेल ऑफ काव्हेल', म्हणजे काव्हेलची सुंदरी. काव्हेल म्हणजे आपल्या काळबादेवीजवळचे. कोकणीतले पहिले नियतकालिक 'उदेंतेचें साळोक' हेही गोव्याबाहेर, १८८९ साली पुण्यात निघाले. आणि 'दर म्हयन्याची रोट्टी' हे भक्तिपर मासिक १९१५ साली कुठे सुरू झाले असेल? कराचीत! तिथल्या गोवेकरांची सेवा करणाऱ्या एका गोवेकर धर्मगुरूने, फादर व्हिन्सेंट लोबो यांनी, ते काढले. पुढे ते गोव्यात आले. (एका पॅरिशच्या फादरांनी काढलेले पत्रक शंभराहून अधिक वर्षे टिकते, हे वाचून आमच्या या चार पानांविषयी आम्हाला थोडी आशा वाटू लागली आहे.)

बेनेडिक्ट अँडरसन नावाच्या अभ्यासकाने १९८३ साली असे मांडले की, एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे एकच वर्तमानपत्र वाचतात, आणि आपल्यासारखेच आणखी हजारो जण हेच वाचत आहेत या जाणिवेतून त्यांचा समाज घडतो. माझगावचा आचारी आणि कराचीचा कारकून यांचे तसेच झाले. गावात असताना तो फक्त आपल्या वाड्याचा होता. 'गोंयकार' तो परगावी झाला, आणि त्याला तसे करण्यात छापील कागदाचा व रंगमंचाचा मोठा वाटा होता.

पण आमच्या मते महत्त्वाचा मुद्दा पुढेच आहे. ही साधने नुसती गावाची आठवण काढत बसली नाहीत. तियात्राच्या दोन पडद्यांमधल्या कांतारांचा कथेशी संबंध असावाच असे नसते. त्यांत महागाई, राजकारण, भाटकाराचा जुलूम, सुनेचे नखरे, सगळे येते. रंगमंचावर गाणारा माणूस कुडीतला शेजारीच असे. त्याचे पटले नाही तर प्रेक्षक तिथल्या तिथे ओरडून सांगत. आपली थट्टा होत होती, दारूड्याचीही होत होती, पण करणारे आपणच होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच पाण्याच्या नळावर भेटणार होतो.

दुसऱ्या पिढीची गोष्ट वेगळी. मुले उपनगरांत वाढली, इंग्रजी शाळांत गेली. घरात कोकणी बोलू नका, उच्चार बिघडतील, असे आईबापांनीच सांगितले. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. नोकरी इंग्रजीवर मिळत होती. आम्ही स्वतः वसईचे. सेमिनरीत पहिल्या वर्षी जेवणाच्या टेबलावर तोंडून घरची बोली निघाली आणि सगळे हसले. त्यानंतर आम्ही ती बोली सुटीत घरी जाईपर्यंत कुलूपबंद ठेवली. पुढेपुढे घरीही.

या पिढीचे साधन होते हिंदी सिनेमा. तिथे ती स्वतःला शोधू लागली. काय दिसले? १९७३ च्या 'बॉबी'मध्ये जॅक ब्रगांझा हा पिणारा, दिलदार कोळी. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये देशी दारूचा गुत्ता चालवणारा अँथनी गोन्साल्विस. हे वाईट माणूस म्हणून रंगवलेले नाहीत. उलट प्रेमळच आहेत, आणि म्हणूनच ते चित्र मनात घट्ट बसले. गंमत पाहा: ज्यांच्या नावावरून हे पात्र आले ते खरे अँथनी गोन्साल्विस गोव्याचे, संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू! सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोवेकर त्या काळच्या हिंदी गाण्यांची स्वररचना कागदावर उतरवत, वाद्यवृंद उभा करत. आवाज त्यांचा होता, चेहरा मात्र दुसऱ्याने काढलेला. फ्रँक फर्नांड यांनी पदरमोड करून 'आमचें नशीब' (१९६३) आणि 'निर्मोण' (१९६६) हे कोकणी चित्रपट काढले. पण मुंबईच्या बाजारपेठेपुढे दोन चित्रपट किती पुरणार?

तत्त्वज्ञान शिकताना आम्ही हेगेलच्या पुस्तकात वाचले होते की, माणसाला स्वतःची जाणीव दुसऱ्याने दिलेल्या ओळखीतून होते. परीक्षेपुरते पाठ केले होते. सणाच्या रात्री ते समजले. त्या मुलांनी गोवा पाहिला होता तो पडद्यावर. आजोबांच्या तोंडून तो त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. दुसऱ्याने काढलेले आपले चित्र त्यांनी आपल्याच सणाला, आपल्याच लोकांपुढे नाचून दाखवले, आणि पॅरिश प्रीस्टने टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी समाजसंपर्काच्या साधनांविषयी 'इंटर मिरिफिका' हा आदेश काढला. त्यात ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यांच्या कर्तव्याविषयी सांगितले आहे तसेच श्रद्धावंतांनी स्वतः ही साधने निर्माण करावीत असेही सांगितले आहे. आपण बहुधा पहिल्या भागावर प्रवचने देतो: हे पाहू नका, ते पाहू नका. दुसरा भाग राहून जातो.

तिसऱ्या पिढीच्या हातात मोबाइल आहे. आजोबांना वर्षातून तियात्रे मिळत होती दोन-चार; नातवाला गोव्यातली, कुवेतमधली हवी तितकी मिळतात. लॉर्नाची जुनी गाणी मिळतात. २०१५ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला 'नाचोंया कुंपासार' हा कोकणी चित्रपट अनेक मुलांनी खालची इंग्रजी वाक्ये वाचत पाहिला. कोकणीचा इतका साठा कुठल्याच पिढीच्या हाताशी नव्हता. तरी त्या साठ्याशी भांडता येत नाही, त्याला 'म्हणजे काय?' असे विचारता येत नाही. ज्याला विचारता येईल तो माणूस शेजारच्या खोलीत दूरदर्शनसमोर एकटा बसलेला असतो. आखाती देशांत आणि कॅनडात मुले असलेल्या आपल्या वसईकर कुटुंबांनीही हे ताडून पाहावे: व्हिडिओ कॉलवर नातवंडांशी आपण कोणत्या भाषेत बोलतो, आणि 'जेवलास का?' याच्यापुढे काय बोलतो?

त्या वृद्ध गृहस्थांना आजाऱ्यांचे कम्युनियन देण्यासाठी आम्ही अलीकडे त्यांच्या घरी गेलो. मोतीबिंदूमुळे त्यांना वाचता येत नाही. नातू पलंगाशी बसून 'वावराड्यांचो इश्ट' या १९३३ पासूनच्या साप्ताहिकाचा एक जुना अंक वाचून दाखवत होता. रोमी लिपीत 'श' हा 'एक्स' या अक्षराने लिहितात. अक्षरे त्याला येत होती, भाषा येत नव्हती. 'इश्ट'चे तो 'इक्स्ट' करत होता आणि आजोबांना, म्हणजे शापायला, 'झापाय' म्हणत होता. दर ओळीला आजोबा त्याला थांबवत, शब्द सुधारत, आणि मग त्या शब्दावरून कुडीतली एखादी हकिकत सुरू होई. पाऊण तासात अर्धा रकाना झाला. मुलाने मोबाइल उशीजवळ ठेवला होता. आम्हाला वाटले, कंटाळला की उचलेल. निघताना पाहिले तर तो आवाज रेकॉर्ड करत होता.

यंदाच्या सणाला नाच बसवण्याऐवजी कुडीवर एक छोटा प्रवेश करावा, असे त्याने सुचवले आहे. आजोबांनी एकच अट घातली आहे: बाटली असली तरी चालेल, पण रोजरी संपल्यावर.